लिनेट ऑर्मरॉडवरची तक्रार

लिनेट ऑर्मरॉड मॅनेजर झाली ती दुसरं कुणी तयार होईना म्हणून. ब्रेनशॉच्या कॉलेजात ती केक-पेस्ट्री शिकवायची. शाळेत ज्यांचं काही जमलं नाही अशी सोळा-सतरा वर्षांची पोरं तिच्याकडे यायची, पहिले काही आठवडे पिठाने एकमेकांना माखायची, आणि मग हळूहळू कुणाच्या तरी हाताला वळण लागायचं. दोन वर्षांनी त्यातली बरीचशी लँकशायरमधल्या कुठल्या ना कुठल्या हॉटेलात चिकटायची. लिनेटला हे काम मनापासून आवडायचं. पण विभागप्रमुख निवृत्त झाले, सगळ्यांनी आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग लिनेटच्या. "तू घे गं. बाहेरून कुणीतरी टायवाला येऊन बसण्यापेक्षा तू बरी," असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे बर्नी होती.

बर्नी म्हणजे बर्नडेट क्रॉस्टन. ती पाव शिकवायची. दोघींची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी. दोघींची मुलं एकाच शाळेत, उन्हाळ्यात मोरकमच्या समुद्रकाठी दोन्ही कुटुंबांचं एकच भाड्याचं घर. बर्नीचा नवरा फ्रँक आणि लिनेटचा क्लाईव्ह वाळूत खुर्च्या टाकून दिवसभर फुटबॉलवर वाद घालायचे, आणि या दोघी पाण्यात पाय सोडून कॉलेजातल्या लोकांच्या नकला करायच्या.

मॅनेजर झाल्यावर पहिली काही वर्षं ठीक गेली. मग सरकारने कॉलेजांचे पैसे आखडते घेतले आणि दरवर्षी उन्हाळ्यात फेररचना नावाचा प्रकार सुरू झाला. एका वर्षी केशकर्तनाचा विभाग लिनेटच्या गळ्यात पडला. पुढच्या वर्षी लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायचं शिक्षण देणारा विभागही तिच्याकडेच आला. तिने आयुष्यात कुणाच्या केसांना कात्री लावली नव्हती. केस कापणाऱ्यांच्या लेखी ती स्वयंपाकीण, आणि स्वयंपाकवाल्यांच्या लेखी आता साहेबीण. पूर्वी तिघं जे करत होते ते ती एकटी करायची, आणि नाही म्हणायची वेळ नेमकी कधी येऊन गेली तेच तिला कळलं नव्हतं.

एकदा शिक्षकांनी संप केला. मॅनेजर आत, शिक्षक फाटकावर, पाऊस सगळ्यांवर सारखाच. लिनेट गाडी लावून फाटकातून आत निघाली तेव्हा खाली मान घालून चालत होती. बर्नी फलक काखेत धरून थर्मासमधून चहा ओतत होती. तिने पेला पुढे केला. "घे. मालक लोकांनाही पाजतो आम्ही." आजूबाजूची माणसं हसली, लिनेटही हसली. पण आत जाऊन एकटीने भटारखान्याचे दिवे लावताना मालक हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. ती कुणाची मालक होती? तिला तर एक जादा ओव्हन मागायचा म्हटलं तरी चार जणांच्या सह्या लागत.

मग सरकारी तपासणी झाली. कॉलेजला दर्जा खालचा मिळाला, प्राचार्य बदलले, आणि नव्या प्राचार्यांबरोबर ज्युलियन फेअरक्लफ आला. हा उपप्राचार्य. चाळिशीच्या आतला, सडपातळ, बोलणं एकदम मऊ. तो कधीही आवाज चढवायचा नाही. दर सोमवारी सकाळी विभागप्रमुखांना एका खोलीत बसवून तो भिंतीवर प्रत्येक विभागाचा रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे जरा बघा, लाल म्हणजे संपलं. ज्याचा लाल, त्याने उभं राहून कारण सांगायचं. लिनेटचा बहुतेक वेळा लालच असायचा, कारण म्हाताऱ्यांची सेवा शिकायला आलेल्या पोरी अर्ध्यातच शिक्षण सोडून दुकानांत नोकरीला लागत. त्यांना घरी पैसे न्यायचे होते. हे तिने एकदा सांगितलं. ज्युलियन मान हलवत राहिला आणि म्हणाला, "लिनेट, मला तुझी काळजी वाटते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. 'मला तुझी काळजी वाटते' हे त्याने ज्यांना ज्यांना म्हटलं होतं, ती माणसं वर्षभरात कॉलेजात उरली नव्हती.

त्यानेच आगाऊ न सांगता वर्गात जायची पद्धत सुरू केली. विभागप्रमुखाने कुठल्याही वेळी दार उघडून आत जायचं, मागे बसायचं, आणि शिक्षकाला दर्जा द्यायचा. लिनेटने पहिल्या फेरीत बहुतेकांना 'चांगला' दिला. ज्युलियनने तिला बोलावून घेतलं. तुझ्याकडे सगळेच चांगले असतील तर रंग लाल कसा, असं त्याने अगदी साधेपणाने विचारलं. याचा अर्थ काय ते तिला कळलं. दुसऱ्या फेरीत तिने केस कापायला शिकवणाऱ्या एका तरुण मुलाला खालचा दर्जा दिला. तो मुलगा तिच्या खोलीत येऊन रडला. त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली नाही. तिसऱ्या फेरीला मात्र जेवली. आपण जेवलो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

नोव्हेंबरात फ्रँकला अर्धांगवायूचा झटका आला. सोमवारी बर्नीने फोन केला. आवाज कोरडा होता. ब्लॅकबर्नच्या हॉस्पिटलात ठेवलाय, बोलता येत नाही, पण ओळखतो, असं सांगून ती म्हणाली की मंगळवारी मी येते, घरी बसून करू काय, निदान पीठ तरी मळेन. लिनेटने तिला धीर दिला, काही लागलं तर सांग म्हणाली. दोघी थोडं रडल्याही.

मंगळवारी दुपारी लिनेट कॉरिडॉरमधून चालली होती. समोरून ज्युलियन आला आणि बरोबर चालू लागला. बर्नडेटकडे अजून गेली नाहीस ना, म्हणाला, चल, आज दोघं जाऊ. लिनेट म्हणाली, "आज?" तो म्हणाला, "आज का नको?" आणि तिच्याकडे बघत थांबला. खरं तर आज का नको ते तिला अगदी एका वाक्यात सांगता आलं असतं. तिच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. पण आदल्या दिवशीच्या बैठकीत तिचा विभाग पुन्हा लाल निघाला होता, आणि बर्नी तुझी मैत्रीण आहे हे मला माहीत आहे, असं तो मागे एकदा हसत हसत म्हणाला होता. तिने वाक्य गिळलं. दोघं आत गेले.

वर्गाचा नुसता गोंधळ होता. कणीक फुगलीच नव्हती. पोरं टेबलांवर बसून गप्पा मारत होती. बर्नी खिडकीशी पाठमोरी उभी राहून फोनवर हळू आवाजात बोलत होती. वळून तिने दोघांना पाहिलं, फोन खिशात टाकला आणि हात पुसले. ज्युलियन मागे बसून लिहीत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, दर्जा तू दे, हा तुझा विभाग आहे.

लिनेटने 'अपुरा' दिला. दुसऱ्या दिवशी बर्नीला ते तोंडी सांगायचं होतं, आणि ज्युलियन खुर्ची ओढून शेजारी बसला होता. लिनेट कणकेबद्दल बोलली, पोरांच्या शिस्तीबद्दल बोलली, आणि मग ज्युलियन आठवड्याच्या बैठकांत नेहमी म्हणायचा ते म्हणाली, "वैयक्तिक अडचणी वर्गाबाहेर ठेवायला हव्यात, बर्नडेट."

 इतक्या वर्षांत लिनेटने तिला बर्नडेट म्हटलं नव्हतं. बर्नीने ॲप्रन सोडला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि निघून गेली. मग ती आजारी रजेवरच गेली. ख्रिसमसच्या आधी लिनेटला ऑफिसचं पत्र आलं: तुमच्यावर छळवणुकीची तक्रार आली आहे, चौकशी होईल, तोवर तक्रारदाराशी किंवा विभागातल्या कुणाशी याबद्दल बोलू नये.

लिनेट ते वाचून कॉलेजच्या आवारात आपल्या गाडीत जाऊन बसली. घरी जावंसं वाटेना, आत जावंसं वाटेना. पुढे हे रोजचंच झालं. सकाळी गाडी लावायची आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचं. क्लाईव्ह बस चालवायचा. त्याच्या मते जगातल्या निम्म्या प्रश्नांना 'घाल चुलीत' हे उत्तर होतं. पण यावेळी त्याला तेही सुचेना. कारण बर्नी त्याचीही मैत्रीण होती आणि तो दर रविवारी फ्रँकला भेटायला हॉस्पिटलात जात होता. तिथे बर्नी त्याच्याशी बोलायची, लिनेटबद्दल मात्र एक शब्द नाही. घरी आल्यावर क्लाईव्ह फ्रँकच्या तब्येतीबद्दल दोन वाक्यं सांगायचा आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा.

एका सकाळी गाडीच्या काचेवर टकटक झाली. इम्तियाज लोरगत होता, इंजिनिअरिंग विभागाचा प्रमुख. त्याचे वडील गुजरातेतून इथल्या सूतगिरणीत आले होते. तो स्वतः इथेच जन्मला, याच कॉलेजात लेथ चालवायला शिकला, आणि आता त्याच लेथखान्याचा साहेब होता. तो न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"तुझ्या गाडीत रोज बसून राहायचं भाडं लावतात का?" तो म्हणाला.

आपल्याला याबद्दल बोलायची मनाई आहे, असं लिनेटने त्याला सांगितलं. इम्तियाज म्हणाला, तू माझ्या विभागात नाहीस, आणि अख्ख्या गावाला माहीत आहे. मग त्याने विचारलं की युनियनला कळवलंस का. लिनेटला वाटलं तो चेष्टा करतोय.

"मॅनेजरला कसली युनियन? युनियन तिच्या बाजूने आहे."

"ती शिक्षकांची. आपली वेगळी आहे, बाई. दर महिन्याला तुझ्या पगारातून कापून जातं ते काय चर्चच्या छपराला जातं?"

तिला खरंच आठवत नव्हतं. नवीन मॅनेजर झाली तेव्हा कुणीतरी फॉर्म पुढे केला आणि तिने सही केली होती, एवढंच. इम्तियाजने तिथेच बसून फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. तिने स्वतः लावला नसता, हे त्याला ठाऊक होतं.

युनियनचा माणूस ट्रेव्हर डक्सबरी आठवड्याभरात भेटला. घरी नको, कॉलेजात तर नकोच, म्हणून रोपवाटिकेच्या चहाच्या दुकानात. तो साठीचा होता, कधीकाळी दुसऱ्या एका कॉलेजात मॅनेजरच होता, आणि आता अख्ख्या लँकशायरभर असल्या चहाच्या दुकानांत बसून मॅनेजरांचं ऐकत फिरायचा. कोट चुरगळलेला, डोळ्यांखाली पिशव्या. त्याने मनुका घातलेला पाव भाजून मागवला, लोणी लावलं, आणि सांगा म्हणाला.

लिनेट सांगत सुटली. तीन विभाग, लाल रंग, सोमवारच्या बैठका, काळजी वाटते म्हणणारा ज्युलियन, रडणारा केशकर्तनाचा मुलगा. पाव संपला, चहा गार झाला, तरी ती बोलतच होती. ट्रेव्हरने मध्ये एकदाही तोडलं नाही. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "हे सगळं खरं आहे, आणि मी ते वापरणार आहे. आता एक सांगा. बर्नडेट म्हणते ते तुम्ही केलंत का?"

लिनेट तडकलीच. "तुम्ही माझ्या बाजूचे आहात ना?"

"आहे. म्हणूनच विचारतोय. त्या खोलीत गेल्यावर मला पहिल्यांदा कळेल असं काही नको."

शेजारच्या टेबलावर दोन आज्या कुंड्यांच्या किमतींवर कुजबुजत होत्या. लिनेट त्यांच्याकडे बघत राहिली.

"केलं," ती म्हणाली. "तिचा नवरा हॉस्पिटलात आहे हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी तिच्याबरोबर फोनवर रडले होते. आणि तरी मी आत गेले."

ट्रेव्हरने कागदी रुमाल तिच्याकडे सरकवला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. असं कबूल करणारी ती पहिली नव्हती, एवढंच तो म्हणाला, आणि मग त्याने पुढे काय होणार ते सांगितलं. कॉलेजला ही भानगड लवकर मिटवायची आहे. बर्नीला थोडे पैसे देऊन गप्प बसवतील, ती थकलेली आहे, घेईल. लिनेटचा स्वभाव कठोर आहे असं ठरवून तिला खाली उतरवतील. ज्युलियनचं नाव कुठे येणारच नाही. "दोघींना एकाच झाडूने बाहेर काढायचं, असा बेत दिसतो," तो म्हणाला. त्याला हवं होतं ते एवढंच, की दुसऱ्या विभागप्रमुखांपैकी कुणीतरी उभं राहून सांगावं, आमच्यावरही असाच दबाव होता.

लिनेटने कुणालाच विचारलं नसतं. ट्रेव्हरने विचारलं. एक जण आजारी पडला, एकीने नंतर कळवते म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. इम्तियाजने बरेच दिवस उत्तर टाळलं. त्याच्यावर घराचं कर्ज होतं, दोन मुली विद्यापीठात होत्या, आणि त्याचा विभाग सध्या हिरवा होता. शेवटी तो लिनेटच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, येईन म्हणाला, आणि जाता जाता वळून म्हणाला, "माझ्या बायकोपाशी मात्र बोलू नकोस."

चौकशी जानेवारीत झाली. संचालक मंडळातल्या मिसेस पिल्किंग्टन नावाच्या वयस्कर वकीलबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. एका बाजूला बर्नी आणि तिच्या युनियनचा डेरेक हॉयल. दुसऱ्या बाजूला लिनेट आणि ट्रेव्हर. भिंतीशी ऑफिसची एक मुलगी लिहून घेत होती. ज्युलियन साक्षीदार म्हणून आला होता. डेरेक आणि ट्रेव्हर किती तरी वर्षं अशाच टेबलांच्या दोन बाजूंना बसत आले होते. आत येण्याआधी लिनेटने त्या दोघांना बाहेर डेरेकच्या गाडीला टेकून काहीतरी बोलताना पाहिलं होतं. आपलाच माणूस आपल्याला विकतोय की काय, असं तिला वाटलं. ट्रेव्हरने नंतर सांगितलं की ते एकाच गोष्टीवर बोलत होते: या दोघींना एकमेकींवर सोडलं तर दोघीही हरतील.

बर्नी बारीक झाली होती. तिने लिनेटकडे पाहिलं नाही.

ठरलेलं असं होतं की ट्रेव्हर बोलेल आणि लिनेट फक्त विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देईल. डेरेकने तक्रार वाचली. ज्युलियनने आपलं सांगितलं: विभागप्रमुखांना पूर्ण मोकळीक असते, दर्जा त्यांचा असतो, लिनेटच्या वागण्यातला ताठरपणा त्याच्याही लक्षात आला होता, त्याला तिची काळजी वाटत होती. ट्रेव्हरने घसा खाकरला आणि आपले कागद सरळ केले.

त्याच्या आधी लिनेट बोलली. आपण बोलतोय हे तिला स्वतःचा आवाज ऐकू आल्यावर कळलं.

"मला फ्रँकचं माहीत होतं," ती म्हणाली. "बर्नीने आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. मी वर्गात जायला नको होतं. मी नाही म्हणू शकले असते. मला भीती वाटली म्हणून मी नाही म्हटलं नाही."

ट्रेव्हरने क्षणभर डोळे मिटले. मिसेस पिल्किंग्टननी पेन खाली ठेवलं. डेरेक बर्नीच्या कानाशी लागला, पण बर्नीने हाताने त्याला थांबवलं.

"मला त्या दर्जाचं काही नाही," बर्नी म्हणाली. "कणीक खरंच फुगली नव्हती. मला फक्त एक सांग. अडचणी वर्गाबाहेर ठेवायच्या, हे वाक्य तुझं होतं की त्याचं?"

"त्याचं," लिनेट म्हणाली. "पण तोंड माझं होतं."

ज्युलियन काहीतरी बोलू लागला. वकीलबाईंनी त्याला, तुम्हाला नंतर वेळ देते, असं सांगितलं. मग इम्तियाज आत आला. त्याने बसायला नकार दिला. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं की त्यालाही दोन माणसांना खालचा दर्जा द्यायला सांगितलं होतं, त्याने तो दिला, आणि त्यातला एक माणूस आता गोदामात ट्रक भरतो. हे तो एकाच सुरात बोलला, लेथची माहिती देत असल्यासारखा. बाहेर पडल्यावर तो तिथेच पायऱ्यांवर बसला होता, हे त्याने लिनेटला पुढे खूप दिवसांनी सांगितलं.

निकाल फेब्रुवारीत आला. त्याला विजय म्हणता येईल असं काही त्यात नव्हतं. लिनेटने बर्नीची लेखी माफी मागायची, आणि तिच्या नावावर वर्षभर लेखी समज राहील. न सांगता वर्गात जायची पद्धत त्या वर्षापुरती बंद. म्हाताऱ्यांच्या सेवेचा विभाग लिनेटकडून काढून दुसऱ्या प्रमुखाला द्यायचा. दोघींपैकी कुणालाही नोकरीवरून काढायचं नाही. ज्युलियनबद्दल एवढंच लिहिलं होतं की वरिष्ठांनी आपल्या सूचना अधिक स्पष्ट द्याव्यात. पुढच्याच वर्षी तो मँचेस्टरकडच्या एका मोठ्या कॉलेजात वरच्या जागेवर गेला. त्याच्या निरोपाला कॉलेजाच्या भटारखान्यातूनच केक मागवला होता, आणि तो लिनेटच्या पोरांनी केला. चांगला झाला होता.

ट्रेव्हरला तिने फोनवर विचारलं की मी मध्येच बोलले त्याने बिघडलं का. तो म्हणाला, थोडं बिघडलं. लेखी समज मिळाली नसती कदाचित. मग थांबून म्हणाला, "पण तुम्ही गप्प बसला असतात, तर बर्नडेटने पैसे घेऊन जायचं ठरवलं होतं. मला डेरेकने सांगितलं."

लिनेटने माफीचं पत्र पुन्हा पुन्हा लिहिलं, फाडलं, आणि शेवटी जे पाठवलं ते अगदी साधं होतं. उत्तर आलं नाही. बर्नी मार्चमध्ये कामावर आली. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या. पोरांना काही कळलं नाही. पोरांना वाटायचं बायका म्हाताऱ्या झाल्या की अशाच होतात. ईस्टरच्या सुट्टीत फ्रँकला दुसरा झटका आला आणि तो गेला. बर्नीने नोकरी सोडली.

अंत्यविधीच्या दोन दिवस आधी लिनेटचा फोन वाजला.

"चर्चनंतर माझ्या घरी लोक येतील," बर्नी म्हणाली. "ती सुपरमार्केटातली सँडविचेस मला नकोत. फ्रँकला ती आवडायची नाहीत."

"मी करते," लिनेट म्हणाली.

"बटाट्याचा पाई पण भाज, वरचा पापुद्रा खुसखुशीत होऊ दे. आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचं हॅम घेऊ नकोस, पाणचट असतं."

लिनेटने सगळं केलं. चर्चमध्ये ती क्लाईव्हबरोबर मागच्या बाकावर बसली. नंतर बर्नीच्या स्वयंपाकघरात उभी राहून दुपारभर कपबशा धुतल्या. बर्नी येऊन शेजारी उभी राहिली, फडक्याने पुसू लागली. फारसं काही बोलणं झालं नाही. एकदा बर्नी म्हणाली की पाई बरा झालाय, पण मीठ कमी आहे. एकदा म्हणाली की तू मला बर्नडेट म्हणालीस ना, ते मला सगळ्यात लागलं. लिनेट म्हणाली, मला माहीत आहे. पुन्हा मोरकमला जाणं काही झालं नाही, आणि ते होईल असं दोघींपैकी कुणीही म्हटलं नाही. पण वाढदिवसाचे फोन सुरू राहिले, आणि कधीकधी बर्नी दुपारच्या जेवणाला, कॉलेजात शिकणारी पोरं चालवायची त्या रेस्टॉरंटात येऊन बसायची आणि पावावर टीका करून जायची.

उन्हाळ्यात ट्रेव्हरने लिनेटला विचारलं की कॉलेजमधल्या मॅनेजरांच्या युनियनची प्रतिनिधी व्हाल का. तिने नाही म्हटलं. तिला खरंच थकवा आला होता. सुट्टीत दिवसभर झोपूनही न जाणारा. माझ्याच नावावर लेखी समज आहे, मी काय कुणाला सल्ला देणार, असं ती म्हणाली. ट्रेव्हरने आग्रह केला नाही. तो म्हणाला, सल्ला मी देतो, तुम्ही फक्त दार उघडं ठेवा. इम्तियाजचं म्हणणं होतं की तूच घे, म्हणजे मला घ्यायला लागणार नाही. शेवटी तिने होकार दिला, आणि त्याबद्दल पुढे बरेचदा स्वतःला शिव्याही घातल्या.

कारण लोक येऊ लागले. आधी खेळांच्या विभागाचा एक तरुण प्रमुख आला, मग हिशेबाच्या ऑफिसातली बाई, मग ज्युलियनच्या जागी आलेली नवी उपप्राचार्यही एकदा दार लावून आत आली आणि रडली. लिनेटला त्यांना सांगायला फारसं काही नसायचं. ती चहा टाकायची, ऐकायची, आणि सगळं सांगून झालं की ट्रेव्हरने विचारलं होतं तेच विचारायची. काहींना राग यायचा. काही उठून जायचे. काही परत यायचे. मग ती ट्रेव्हरला फोन लावायची. ती केशकर्तनाच्या त्या मुलाकडेही गेली होती. तो आता प्रेस्टनला स्वतःचं दुकान चालवत होता. त्याने तिचे केस कापले, तिची माफी ऐकून घेतली, आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

सोमवारच्या बैठका चालूच राहिल्या. भिंतीवरचे रंग गेले आणि त्यांच्या जागी बाण आले, वर जाणारे आणि खाली जाणारे. लिनेटचा बाण बहुधा आडवा असायचा. बैठकीत कुणाला उभं केलं की ती आता, बसून सांगितलं तर चालेल ना, असं विचारायची. बहुतेक वेळा चालायचं. क्लाईव्हला ती दर उन्हाळ्यात सांगायची की आता आणखी एकच वर्ष. क्लाईव्ह मान हलवायचा, आणि सप्टेंबरात सकाळी तिच्या गाडीच्या काचेवरचं दव पुसून द्यायचा.